लेकींचं ओगराळं

पहाटे ढग आला आणि विश्राम सारंग उठला. उठायचं काही कारण नव्हतं. पण ढग डोंगर चढायला लागला की खिडकीतून एक गार ओलसर वास घरात शिरतो. जन्मभर त्या वासाने ज्याला जाग आली, त्याला तो वास असा कसा झोपू देईल? त्याने कोपऱ्यातलं लांब दांड्याचं तांब्याचं ओगराळं घेतलं, कानटोपी घातली आणि तो पाणझाडाकडे निघाला.

कुसगीर हा देश म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच डोंगर. त्यावर नदी नाही, विहिरीला पाणी नाही, पाऊस नावापुरता. पण वर्षातले बहुतेक दिवस समुद्रावरून बुटके, जाडजूड ढग येतात आणि डोंगराच्या माथ्याला घासून जातात. माथ्यावर जाड, मेणचट पानांची प्रचंड पाणझाडं आहेत. ढगातलं पाणी त्या पानांना लागतं, थेंब होतात, थेंब खाली गळतात. खाली दगडात कोरलेली डोण असते. गुरांना पाणी पाजायची असते तशीच, पण दहापट मोठी. कोकणातून गलबतं घेऊन निघालेले लोक भरकटून इथे लागले आणि या झाडांच्या जिवावर राहिले. भाषा टिकली, आडनावं टिकली, आणि पाणी वाटायची रीतही टिकली.

रीत अशी. पहाटे वाटप्याने डोण भरलेली बघायची आणि शंख फुंकायचा. गावाने आपापला हंडा घेऊन यायचं. सगळे जमल्याशिवाय पहिलं ओगराळं भरायचं नाही. कुणी आलं नाही तर थांबायचं, फारच उशीर झाला तर बघायला माणूस पाठवायचा. मग घरटी पाच ओगराळी. आणि शेवटी एक ओगराळं झाडाच्या मुळाशी ओतायचं. ते लग्न होऊन दुसऱ्या बेटांवर गेलेल्या लेकींचं. लेक कितीही लांब गेली तरी माहेरच्या पाण्यावरचा तिचा वाटा सुटत नाही, असं जुने लोक म्हणत.

विश्राम हा सारंगांच्या घराण्यातला सातवा वाटप्या. आणि गेली तीन वर्षं त्याने शंख फुंकला नव्हता, कारण डोण कोरडी होती.

आजही कोरडीच होती. ढग मात्र होता. असा दाट, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. झाड ढगात पार बुडालं होतं. विश्रामने एक पान चिमटीत धरलं. कोरडं. समुद्रात उभं राहून कपडे भिजू नयेत तसं काहीतरी ते होतं. तो डोणीच्या काठावर बसला. पूर्वी इथे पन्नासजण बसायचे. सून सासूच्या तक्रारी इथे करायची आणि सासू चार हात पलीकडे बसून ऐकायची. आता त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

थोड्या वेळाने तो घरी गेला आणि नळ सोडला. नळाला पाणी भरपूर होतं.

*

हे असं का झालं, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

समुद्र तापत चालला होता. कुसगीरच्या पूर्वेला सहा देश आहेत, सगळे सपाट. प्रवाळाने बांधलेली बेटं, भरतीच्या पाण्यापेक्षा माणूसभर उंच. समुद्र तापला की प्रवाळ मरतात. प्रवाळ मेले की लाटा अडवायला कुणी राहत नाही. वादळंही तापलेल्या पाण्यावरच माजतात. या सहा देशांचा आणि कुसगीरचा मिळून सागरसंघ झाला होता. एक मोठं इस्पितळ, एकच मासेमारीचा कायदा, कुठूनही कुठे जायला परवाना नको. निर्णय मताने होई आणि दर देशाला एक मत.

या संघाने ढगनौका बांधल्या. त्यांवर माणूस नसतो. वाऱ्यावर चालतात आणि समुद्राचंच पाणी अतिशय बारीक फवाऱ्याने वर उडवतात. फवाऱ्यातलं पाणी सुकतं आणि मिठाचा कण उरतो, डोळ्यांना न दिसणारा. वर जाणारी हवा तो ढगात नेते. आता, हवेतल्या वाफेचा थेंब व्हायचा तर वाफेला बसायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, मिठाचा कण, काहीही. पंगतीत पाट मांडावे तसं. पाट थोडे असले तर एकेका पाटावर भरपूर वाढलं जातं आणि थेंब मोठे होतात. पाट खूप मांडले तर तेवढंच अन्न सगळ्यांत वाटलं जातं आणि थेंब बारीक होतात. वाफ तेवढीच, थेंब मात्र संख्येने कितीतरी जास्त.

बारीक थेंबांचा ढग जास्त पांढरा दिसतो. खडीसाखरेचा खडा काचेसारखा असतो. तोच कुटला की पांढराशुभ्र होतो. साखर तीच. पांढरा ढग ऊन परत आभाळात फेकतो, खालचा समुद्र गार राहतो. चांगली युक्ती होती आणि ती चालली. प्रवाळ तरारले. सपाट बेटांवर मोठं वादळ येईनासं झालं. ढगनौकांना लागणारे बुटके ढग कुसगीरच्या समुद्रावरच बनत, म्हणून नौका तिथेच फिरत आणि तिथलं गार झालेलं पाणी प्रवाहाने पूर्वेच्या बेटांकडे जाई. कुसगीरच्या लोकांना त्याचा अभिमान होता. शिवाय त्या नौका चालवणाऱ्या शास्त्रज्ञांत एक त्यांचीच होती. विश्रामची दुर्वा. खडीसाखर आणि खलबत्ता घेऊन तिनेच एकदा सुट्टीत पाणझाडाखाली मुलांना हे सगळं शिकवलं होतं. कुटलेली साखर मुलांनी लगेच खाऊन टाकली होती.

मग झाडांचं गळणं कमी होत गेलं.

संघाने उपग्रहाने मोजून पाहिलं. ढगात पाणी होतं तेवढंच होतं. तरी संघाने हात वर केले नाहीत, हे सांगायला हवं. किनाऱ्यावर खारं पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं, डोंगरभर नळ टाकले, घरोघरी तोटी दिली. पूर्वी मिळायचं त्याच्या दुप्पट पाणी, तेही फुकट. मग झाडं गळायची पार थांबली.

आणि आता रविवारी मतदान होतं. कुसगीरने संघात राहावं की निघावं?

*

दुर्वा गुरुवारच्या बोटीने आली. एकटीच. जावई आणि नात ऊर्मी तिकडे पाणसळ या सपाट बेटावर राहिले होते.

"संघाने पाठवलंय मला," चपला काढताकाढताच तिने सांगून टाकलं. "लोकांना का निघायचंय, ते समजून घ्यायला."

"आधी पेज घे," विश्राम म्हणाला.

दुपारी ती भिकू नाखव्याच्या दुकानात गेली. विश्रामही मागे गेला, कारण घरी बसून करणार काय? भिकूच्या फळीवर चारदोन माणसं बसलेली होती. पाणझाडाखालची बैठक मोडल्यावर तिचा जेवढा तुकडा उरला होता तो इथे होता.

"या, संघाच्या बाई," भिकू म्हणाला. "लिमलेटची गोळी देऊ? लहानपणी उधार न्यायचीस."

"भिकूकाका, खरं सांगा. तुम्ही काय करणार रविवारी?"

"निघणार."

"का?"

"का म्हणजे? मासळी! आमच्या समुद्रात त्यांचे ट्रॉलर."

"ते मागच्या वर्षी बंद झाले, काका."

"झाले ना? मग ती टीव्हीवरची बाई. कुसगीर म्हणत नाही. 'पर्वतीय घटक' म्हणते. मी काय घटक आहे? औषधाच्या बाटलीवर लिहितात तसा?"

सगळे हसले. दुर्वाही हसली. "तिला सांगते मी. ती कुसगीर म्हणेल. मग राहाल?"

भिकूने बरणीचं झाकण उघडलं, परत लावलं. "मग बघू," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा 'नाही' म्हणत होता.

कोपऱ्यात केशरकाकी गुडघे चोळत बसली होती. गावातली सगळ्यांत म्हातारी, पूर्वी पाण्याच्या रांगेत तिचा हंडा पहिला. "मला का नाही विचारत गो?"

"विचारते ना काकी. तुम्हाला का निघायचंय?"

"त्या नळाला चव नाही."

"त्यात क्षार घालता येतील. मी सांगते त्यांना."

"आणि त्याला तोंडही नाही. सकाळी उठून त्याच्याशी बोलायचं काय? माझ्या शेजारची गोदा पडली, पाय मोडून दोन दिवस घरात होती. दोन दिवस! कुणाला कळलं नाही. झाड गळत असतं तर पहिल्या सकाळीच कळलं असतं, गोदाचा हंडा का नाही आला म्हणून."

दुर्वा तिच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "एकट्या माणसांच्या घरी घंटी बसवता येईल, काकी. बटण दाबलं की—"

"बसव हो," केशरकाकी म्हणाली आणि पुन्हा गुडघे चोळायला लागली.

घरी परतताना चढावर दुर्वा थांबली. तिला दम लागला होता. सपाट बेटावर राहून सवय मोडली होती.

"एकेका कारणावर उपाय आहे, बाबा. पण उपाय सांगितला की कारण बदलतं. असं कसं रे?"

"कारण एकच आहे," विश्राम म्हणाला. "नावं वेगवेगळी आहेत."

"मग तू सांग ना ते."

विश्रामला ते सांगता येईना. माहीत होतं, पण शब्दांत धरता येत नव्हतं. तो म्हणाला, "उद्या पहाटे चल झाडाकडे. हंडा घे."

"पाणी नाही तर हंडा कशाला?"

"घे."

*

पहाटे दोघं गेली. ढग चढत होता. दुर्वाने आईचा पितळी हंडा काखेत धरला होता. आई गेल्यापासून तो घासलेला नव्हता. झाडाखाली तिने तो ठेवला आणि एक पान हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केलं.

"बाबा, हे बघ. वारा पानावर येतो आणि पानाच्या दोन्ही बाजूंनी वळून जातो. दिसतंय का? थेंब मोठा असला की जड असतो. उतारावरून भरलेली हातगाडी सुटली तर ती वळते का? सरळ जाऊन खांबावर आदळते. तसा मोठा थेंब पानावर आदळतो. पण बारीक थेंब म्हणजे पळणारं पोर. वाऱ्याबरोबर वळतं आणि खांबाला हातही न लावता पुढे जातं. ढगात पाणी आहेच. फक्त ते आता पानाला लागत नाही."

विश्रामने मान हलवली. ढग समोरून जात होता. पांढरा, भरलेला, कुणाच्याही हाती न लागणारा. तिने सांगितल्यावर त्याला ते दिसलंसुद्धा. लेक लहानपणापासून अशीच शिकवायची. त्याला तिचं कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकात असतानाच त्याने विचारलं, "हे तुला कधी कळलं गो बाय?"

तिने हातातलं पान सोडून दिलं.

"नळ यायच्या आधी," ती म्हणाली. "म्हणूनच नळ आले. मीच सुचवलं होतं. झाडं गळायला हवी असतील तर नौका थांबवायला लागतील, नौका थांबवल्या तर तिकडचे प्रवाळ जातील. मग पाणी दुसरीकडून देऊ, म्हटलं. सातापैकी सहा मतं बाजूने पडली. मी फोन केला होता तुला, आठवतं? घरटी किती ओगराळी म्हणून?"

विश्रामला आठवलं. त्या दिवशी त्याला केवढी ऐट वाटली होती. संघ आपल्याला विचारतोय! पाच, त्याने सांगितलं होतं, आणि एक लेकींचं. दुर्वा फोनवर हसली होती. ते तर तू मातीत ओततोस बाबा, ते नको धरायला.

"म्हणजे तुला माहीत होतं. झाड थांबणार म्हणून."

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस तू? पाणी तर मिळणारच होतं ना!"

विश्रामने ओगराळं डोणीच्या काठावर ठेवलं. तांब्याचा दगडावर आवाज झाला.

"लोकांना सांगितलं असतं," तो म्हणाला, "की आजचं पाणी शेवटचं. कुणी उशिरा उठलं नसतं त्या दिवशी. केशरकाकीने गाणं म्हटलं असतं. मला आठवतसुद्धा नाही गो, शेवटचं ओगराळं मी कुणाच्या हंड्यात घातलं."

दुर्वाने तोंड फिरवलं. ती रडत होती की ढगाने चेहरा ओला झाला होता? पण ढग तर आता कुणाला ओलं करत नव्हता.

चेहरा पुसून ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? तिकडे ऊर्मीच्या शाळेच्या मागे—"

"मत कुणी कुणाला सांगू नये आणि कुणी मागू नये," विश्राम म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने ओगराळं उचललं. "चल. ऊन चढेल."

"मी मत नव्हते मागत."

"चल, म्हटलं ना."

ती चालायला लागली. रिकामा हंडा पुन्हा काखेत घेऊन, जसा आणला तसा. दुपारच्या बोटीने ती गेली. तिचं नाव पाणसळच्या मतदारांत होतं, त्यामुळे थांबायचं कारणही नव्हतं. धक्क्यावर ती त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, "तब्येतीला जप." तो "हं" म्हणाला.

*

रविवारी शाळेच्या वर्गात मतदान होतं. लहान मुलांच्या बाकामागे एक पडदा लावला होता. विश्रामच्या हातात कागद होता. त्यावर दोनच शब्द: राहावं, निघावं. शेजारी शाईचा शिक्का.

त्याने आधी 'राहावं' वर बोट ठेवलं. संघ वाईट नव्हता. बायकोचं ऑपरेशन संघाच्या इस्पितळात झालं होतं, एक पैसा न देता. लेक संघात होती. नात त्या सपाट बेटावर होती, लाटांच्या शेजारी. निघालं तर ढगनौकांना कुसगीरचा समुद्र सोडावा लागणार, हे त्याला कळत होतं. पुढचंही कळत होतं.

मग त्याला दुर्वाचा तो फोन आठवला. घरटी किती ओगराळी? बरोबर प्रश्न होता. त्याचं उत्तरही बरोबर होतं, आणि त्या उत्तराच्या दुप्पट पाणी आलं. तरी तिथे जे काही होतं ते त्या प्रश्नाच्या बाहेर राहून गेलं होतं. हात वर करून सहाजणांनी ते संपवलं तेव्हा कुणी डोंगर चढून आलं नव्हतं. आता हा शिक्का हाती आल्यावर त्यांनी लेकीला पाठवलं, समजून घ्यायला. शिक्का नसता तर ती आली असती का?

दुकानात भिकूला जे बोलता आलं नाही आणि चढावर त्याला स्वतःला जे बोलता आलं नाही, ते हे होतं. मासळी नव्हे, नळ नव्हे, टीव्हीवरची बाई नव्हे. आपल्याला सांभाळलं जातंय, पण आपल्याला हिशेबात धरलं जात नाही. त्या सहाव्या ओगराळ्यासारखं.

त्याने 'निघावं' वर शिक्का उठवला. शाई जरा फाकली.

*

कुसगीर निघालं. मतांचा फरक थोडासाच होता. भिकूने दुकानासमोर फटाके लावले, पोरं नाचली. "विश्रामदादा, आता तुझा शंख!" असं ओरडत दोघांनी त्याला उचललं. त्याचे पाय जमिनीला लागेनात आणि त्याला एकदम भीती वाटली.

कागदपत्रं व्हायला बराच काळ गेला. मग एका दुपारी माथ्यावरून ढगनौका जाताना दिसल्या. पांढऱ्या, उंच डोलकाठ्यांच्या, एकामागे एक पूर्वेकडे. त्या कुठे तरी दुसरीकडे फवारणार होत्या म्हणे, पण तिथे ढगच विरळ. काही आठवड्यांनी इकडचे ढग जरा काळवंडले, फाटके झाले. आणि एका पहाटे विश्राम झाडाखाली गेला तेव्हा त्याच्या मानेवर टपकन एक थेंब पडला.

डोण भरली त्या दिवशी त्याने शंख फुंकला. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली, मग आवाज लागला. सगळा गाव आला. हंड्यांना हळदकुंकू लावून आले. केशरकाकीला खुर्चीत बसवून वर आणलं. तिने गाणं म्हटलं, अर्धं विसरली, तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विश्रामने घरटी पाच ओगराळी वाटली. शेवटी एक भरलं आणि मुळाशी ओतलं. तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे फोटो काढत होते.

पुढच्या आठवड्यात निम्मे आले. नळ चालूच होता ना अजून! कोण एवढ्या पहाटे डोंगर चढणार? त्यानंतरच्या आठवड्यात शंखाच्या आवाजाने तान्ही मुलं उठतात, अशी तक्रार आली.

मग किनाऱ्यावरचं पाण्याचं यंत्र बिघडलं. संघाचे मेकॅनिक परत गेले होते आणि सुटे भाग मिळेनात. नळ खोकले, थुंकले, बंद झाले. आता लोक यायला लागले. सगळे, रोज. पण हंडे नाहीत, प्लास्टिकचे डबे. स्कूटर चालूच ठेवायची, डबा भरायचा, निघायचं. सगळे जमेपर्यंत थांबायची रीत विश्रामने आठवण करून दिली तर एक तरुण सून म्हणाली, "काका, मला कामावर जायचंय. ज्याला उशीर तो त्याचं बघेल." तिचं चुकत होतं असंही नाही. तीन वर्षांत पहाट दुसऱ्या कामांनी भरून गेली होती. पाणी परत आलं. त्या वेळेत बसायला जागा उरली नव्हती.

केशरकाकीचे गुडघे पार गेले. तिचं पाणी विश्राम स्वतः पोचवायचा. थोडा वेळ बसायचा. तिला आता कमी ऐकू यायचं, त्यामुळे तोच बोलायचा, आणि ती भलत्याच ठिकाणी हसायची.

दुर्वा सुट्टीत येऊ शकली नाही. आता परवाना लागत होता. तिने अर्ज केला होता. तिकडच्या कचेरीत गर्दी होती, आणि कुसगीरच्या माणसाला तिकडे आता रांगेत जरा मागेच उभं करत. ती काही बोलली नाही, पण विश्रामला ते कळलं.

*

तिचा फोन आला तेव्हा वाटप संपलं होतं. शेवटची स्कूटर वळणाआड गेली होती. माथ्यावर फोन चांगला लागायचा.

"बाबा, झाड गळतंय ना?"

"गळतंय. छान गळतंय."

"माझं ओगराळं?"

"रोज ओततो. आज राहिलंय. आता ओतणार होतो."

"मग ओत. मी थांबते."

त्याने फोन खांद्याशी धरला, डोणीतून ओगराळं भरलं आणि हळूहळू मुळाशी ओतलं. माती पाणी प्यायली. पूर्वी तो हे काम घरी वळायच्या घाईत करायचा. आज तो ओल पसरताना बघत राहिला.

"ऊर्मी कशी आहे?"

"मजेत. काल मला म्हणाली, आई, समुद्र पांढरा झाला. किती सुंदर!" दुर्वा थांबली. "प्रवाळाचा रंग उडतोय, बाबा. पाणी कोमट झालं की प्रवाळ आधी पांढरे पडतात. दिसतात सुंदरच. तिला अजून सांगितलं नाही मी, पांढरे म्हणजे काय ते."

पानांवरून थेंब पडत होते. मोठे, जड थेंब. वारा वळला तरी ते वळत नव्हते. विश्रामला वाटलं, लेक आता काहीतरी बोलेल. रागावेल, निदान विचारेल तरी, तू कुठे शिक्का मारलास म्हणून. ती काही विचारत नव्हती. मत कुणी कुणाला सांगू नये आणि कुणी मागू नये, हे त्यानेच तिला सांगितलं होतं.

इतकी वर्षं त्याची तक्रार एकच होती. कुणी विचारलं नाही. तो डोणीच्या काठावर बसला.

"बाय," तो म्हणाला, "त्या पहाटे तू काहीतरी सांगत होतीस. ऊर्मीच्या शाळेच्या मागे काय आहे म्हणून. मी ऐकलं नाही."

पलीकडून लाटांची गाज ऐकू आली.

"काही विशेष नाही रे," दुर्वा म्हणाली. "शाळेच्या मागे प्रवाळाची लांब रांग आहे. ओहोटी लागली की ती उघडी पडते. मग गावातल्या बायका टोपल्या घेऊन तिथे येतात. शिंपल्या वेचायला म्हणून येतात, पण वेचतात थोड्याच. बसतात. कुणी आली नाही तर तिला बोलवायला एखादी पोर पाठवतात. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मलासुद्धा बोलवायला पाठवलं होतं." तिच्यामागे एक लाट फुटली. "तिथे बसले की मला आपलं झाड आठवायचं. एवढंच सांगायचं होतं, बाबा."

दोघांनीही फोन ठेवला नाही. तिच्याकडून लाटा ऐकू येत होत्या आणि तिला, त्याला वाटलं, थेंब ऐकू येत असतील.

मग तो उठला. डोणीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्याचं स्वतःचं. ओगराळं दगडावर खरवडत त्याने ते भरलं आणि झाडाच्या मुळाशी, पूर्वेच्या बाजूला, ओतलं.

"कसला आवाज तो?" दुर्वाने विचारलं.

"आणखी एक वाटा राहिला होता," विश्राम म्हणाला. "तिथल्या बायकांचा."